बदकांच्या पिलांतील नर-मादीची पारख

साकोलीकडील आमच्या एका सभासद भगिनीचे पत्र मागील महिन्यात आमच्याकडे आले. आषाढात आठवड्याच्या बाजारातून त्यांनी बदकांची बारा पिले विकत घेतली. घरामागे बोडी, भोवती धानाच्या बांध्या, आणि घरच्याच धानाचा कोंढा. तेव्हा अंड्यांच्या विक्रीतून मुलीच्या शाळेचा खर्च भागेल, असा त्यांचा हिशेब होता. सगळी पिले अंड्यांचीच आहेत, असे विकणाऱ्याने छातीला हात लावून सांगितले होते. एकही पिलू न दगावता सर्व वाढली, ही गोष्ट बाईंच्या दक्षतेस भूषणावह होय. परंतु कार्तिक लागता लागता त्यांपैकी नऊ पक्ष्यांच्या शेपटीवर कुरळी पिसे आली, आणि शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, ह्या नवांकडून अंड्याची आशा करू नका. बाईंचा प्रश्न एवढाच आहे की, ही गोष्ट चार महिने आधी कळण्याचा काही मार्ग होता काय?

मार्ग होता. त्यातला एक तर असा की, त्यास पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, केवळ कान लागतात. आमच्या जिल्ह्यात बदके पाळण्याची हौस असलेल्या घरांची संख्या थोडी नाही, आणि हा प्रश्न ह्यापूर्वीही तोंडी अनेकांनी विचारलेला आहे; म्हणून एका पत्राचे उत्तर खाजगी न देता सर्वांच्या उपयोगासाठी येथे विस्ताराने देत आहोत.

प्रथम नुकसान किती झाले ते पाहू. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खाकी कॅम्पबेल जातीचे बदक पहिल्या २० आठवड्यांत सुमारे साडेबारा किलो खाद्य खाते, असे पालनाच्या पुस्तकांत दिलेले असते. नऊ नरांचे मिळून हे एक क्विंटलाहून अधिक झाले. आपल्याकडे बदके बोडीत गोगलगाई, किडे, शेवाळ वेचून पुष्कळसे पोट भरतात, त्यामुळे दाणा इतका लागत नाही हे खरे; तरी त्या खर्चाचा निम्मा अंश धरला तरी तो लहान शेतकऱ्याच्या घरास जड आहे. त्याहून मोठी हानी म्हणजे हंगाम गेला. जी जागा, जी निगा आणि जी आशा नऊ माद्यांवर खर्च व्हावयाची, ती नऊ नरांवर झाली.

येथे एक हिशेब सांगण्यासारखा आहे. निसर्गतः अंड्यातून नर आणि मादी जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघतात. डोळे मिटून बारा पिले उचलली, तर त्यांत नऊ किंवा अधिक नर येण्याचा संभव शंभरात सुमारे सात इतका असतो. म्हणजे असे घडणे अशक्य नाही, बाईंचे नशीबच त्या दिवशी वाकडे असेल. परंतु दुसरीही एक शक्यता मनात ठेवावी. ज्या उबवणी केंद्रांत माद्या पहिल्याच दिवशी निवडून चढ्या भावाने वेगळ्या विकल्या जातात, तेथे उरलेले नर स्वस्तात फिरत्या विक्रेत्यांच्या पाटीत येऊ शकतात. बाजारात पिले फारच स्वस्त मिळू लागली, तर आनंद मानण्यापूर्वी कारण विचारावे. कोणा एका विक्रेत्यावर आमचा आरोप नाही. पुष्कळदा त्यालाही नर-मादी कळत नाही आणि तो गिऱ्हाइकास जे आवडेल तेच सांगतो.

आपल्या भाषेनेही ह्या कामी आपल्याला मदत केलेली नाही. कोंबडा आणि कोंबडी, बोकड आणि शेळी, रेडा आणि म्हैस असे स्पष्ट शब्द आपण घरोघर बोलतो. पण 'बदक' हा शब्द नपुंसकलिंगी. ते बदक आले, ते बदक गेले. नर असो की मादी, बोलण्यात फरक पडत नाही, आणि जो फरक बोलण्यात पडत नाही तो पाहण्यातही लवकर येत नाही. त्यातून आपल्या तलावांवरची रानबदके बघून बनलेले आपले ज्ञान अधिकच गोंधळविते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले हे मामा तलाव रानबदकांचे जुने वसतिस्थान आहेत. त्यांवर बारमाही दिसणारे हळदीकुंकू बदक घ्या किंवा शीळ घालीत उडणारी अडई घ्या. दोहोंतही नर आणि मादी रंगाने सारखीच. उलट नकटा बदकाच्या नराच्या चोचीवर मोठा उंचवटा असतो, तो लांबून ओळखू येतो. म्हणून कोणी म्हणतो बदकात भेदच नसतो, कोणी म्हणतो नराला चोचीवर गाठ असते. दोघेही आपण पाहिलेल्या पक्ष्याबद्दल बरोबर बोलतात, पण परसातल्या बदकाबद्दल चुकतात. परसातले बदक हे ह्या तिन्हींपैकी कोणाचेही वंशज नाही. मस्कवी ही एक जात सोडली, तर जगातील सर्व पाळीव बदके उत्तरेकडील हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून, म्हणजे इंग्रज ज्यास मॅलार्ड म्हणतात त्यापासून, निर्माण झालेली आहेत. आणि खुणा पाहावयाच्या त्या त्या घराण्याच्या पाहिल्या पाहिजेत.

आता ज्या खुणा पाहू नयेत त्या आधी सांगून टाकतो, कारण त्यांवरच विश्वास अधिक आहे. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, हा समज फार जुना आहे. इतका जुना की रोमचा प्लिनी तोच सांगतो. आणि त्याच्याही आधी ग्रीसचा अॅरिस्टॉटल नेमके उलट सांगतो, की लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते! दोन हजार वर्षे हे दोन पक्ष आपापल्या जागी आहेत, आणि दोन्ही पक्षांचे अर्ध्याहून थोडे अधिक-उणे भाकीत दर वेळी खरे होते, कारण नाणे फेकले तरी तितके खरे होतेच. वस्तुतः अंड्याचा आकार हा ते घालणाऱ्या मादीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो, आतल्या जिवाच्या लिंगावर नाही. दोऱ्याला सुई बांधून पिलावर धरावयाची व ती गोल फिरली की मादी, सरळ हलली की नर, हा दुसरा प्रकार. सुई धरणाऱ्याचा हात हलतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. पिलू मानेला धरून उचलावे, पाय आखडले तर अमुक, लोंबकळले तर तमुक, हा तिसरा प्रकार आम्ही केवळ निरुपयोगी म्हणून नव्हे तर क्रूर म्हणून त्याज्य समजतो.

ह्या ओघात एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पक्ष्यांत पिलाचे लिंग मादीच्या बीजावरून ठरते. मादीचे अर्धे बीज नराचे व अर्धे मादीचे असते. नराचे बीज मात्र सारे एकाच प्रकारचे. माणसात ह्याच्या नेमके उलट आहे, तेथे अपत्याचे लिंग पित्याच्या बीजावरून ठरते. तरी बदकाच्या खुराड्यात नर जास्त निघाले म्हणून कोणी मादीला बोल लावीत नाही, आणि माणसाच्या घरात मात्र दोष नेमका ज्या व्यक्तीचा नाही तिच्याच माथी मारला जातो. असो. उबवणीच्या उष्णतेने, खुडूक कोंबडीच्या स्वभावाने किंवा अमावास्या-पौर्णिमेने ह्यात काडीमात्र फरक पडत नाही. अंडे घातले जाण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

आता खऱ्या खुणांकडे वळू. आणि ज्या खुणेवर आमचा सर्वांत अधिक भर आहे ती प्रथम घेऊ. ती म्हणजे आवाज.

लहानपणी सर्व पिले सारखीच चिवचिवतात. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास मादीचा आवाज फुटतो. एखादी चौथ्या आठवड्यातच बोलू लागते, एखादी आठव्यापर्यंत वाट पाहावयास लावते. हा आवाज म्हणजे मोठा, ठणठणीत, दूरवर जाणारा 'पॅक् पॅक्'. बदक म्हटले की जो आवाज आपल्या मनात येतो तो वस्तुतः केवळ मादीचाच आवाज होय. नर तसा ओरडूच शकत नाही. त्याचा आवाज घोगरा, बसलेला, पडसे झालेल्या माणसाने कानाशी कुजबुजावे तसा असतो. संध्याकाळी बोडीवरून बदके परतताना जो गलबला ऐकू येतो तो सारा माद्यांचा. नर त्यात चोच उघडझाप करीत चालतो, पण लांबून त्याचे काही ऐकू येत नाही.

ह्याचे कारण शरीररचनेत आहे. श्वासनलिका छातीत जेथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते तेथे पक्ष्यांचे ध्वनियंत्र असते. बदकाच्या नरात त्या यंत्राच्या डाव्या बाजूस हाडाचा एक पोकळ फुगा वाढलेला असतो, मादीत तो नसतो. हा फुगा पिलू अंड्यात असतानाच तयार होतो. मादीच्या अंडाशयातून जो रस स्रवतो तो ह्या फुग्याची वाढ थांबवितो. तो रस नसला की फुगा वाढतो. म्हणजे नराला काही अधिक मिळाले म्हणून तो घोगरा नव्हे, तर मादीला तिच्या अंडाशयाने आवरले म्हणून तिचा गळा मोकळा राहिला. चीनमधील कुशल पारखी तर एका दिवसाच्या पिलाच्या मानेच्या मुळाशी बोट ठेवून हा फुगा चाचपतात व त्यावरून नर-मादी सांगतात. हे ज्ञान बोटांत मुरण्यास हजारो पिले हातांखालून जावी लागतात. घरी दहा-बारा पिलांवर ते साधणार नाही, म्हणून त्याची कृती येथे देत नाही.

आवाजाची परीक्षा अशी करावी. सर्व पिले सहा आठवड्यांची झाल्यावर सकाळी, खाणे देण्यापूर्वी, त्यांना एका कोपऱ्यात घ्यावे. एकेक पक्षी दोन्ही हातांनी पंखांवरून अलगद धरून, पोटाखाली हाताचा आधार देऊन उचलावा आणि चार पावले दूर न्यावा. पायाला धरून लोंबकळवू नये. बदकाचे पाय व मांडीचे सांधे नाजूक असतात, ओढताना निखळतात. सोबत्यांपासून तुटल्यामुळे पक्षी ओरडेल. ठणठणीत ओरडला तर मादी. नुसती फसफस, खरखर किंवा अजून बारीक चिवचिव केली तर त्यास तूर्त संशयित म्हणून बाजूच्या डालीखाली ठेवावे. संशयितांची परीक्षा आठ-दहा दिवसांनी पुन्हा घ्यावी. उशिरा कंठ फुटणाऱ्या माद्या त्या वेळी बोलतात. दोन वेळा ऐकून जे घोगरेच राहिले ते नर. मोठा आवाज हा मादीचा निश्चित पुरावा आहे, पण गप्प बसणे हा नराचा पुरावा नाही, हा ह्यातील भेद न विसरावा. घाबरट मादी हातात आल्यावर मुकी होते. आणखी एक सावधगिरी अशी की, वेगवेगळ्या वयाची पिले एकत्र मिसळलेली असली तर ही परीक्षा फसते, कारण लहान मादी मोठ्या नराइतकीच निःशब्द वाटते.

ही परीक्षा आम्ही स्वतः अनेकदा केली आहे, आणि पांढऱ्या, खाकी, करड्या अशा सर्व रंगांच्या पक्ष्यांत ती सारखीच उपयोगी पडते. सहा आठवडे म्हणजे दीड महिना. बाईंना ही खूण ठाऊक असती, तर आषाढात घेतलेल्या पिलांचा निकाल भाद्रपदातच लागला असता, आणि कार्तिकापर्यंतचे खाद्य वाचले असते.

कोणी म्हणेल, दीड महिना तरी का थांबावे? पहिल्याच दिवशी कळावयास काय हरकत? हरकत नाही, आणि उबवणी केंद्रांत तसे केलेही जाते. गुदद्वार उघडून पाहण्याची ही रीत आहे. कोंबडीच्या पिलांसाठी ती जपानात मासुई व हाशिमोतो ह्या संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात पक्की केली आणि त्यांचे ह्या विषयावरील पुस्तक १९३३ मध्ये इंग्रजीत निघाले. त्यानंतर जपानी पारखी जगभर ह्या कामासाठी बोलाविले जाऊ लागले. कोंबड्याच्या पिलात पाहावयाचा असतो तो एक अतिसूक्ष्म उंचवटा, आणि काही माद्यांतही तसलाच उंचवटा असल्यामुळे तेथे वर्षानुवर्षांचा सराव लागतो. बदकात मात्र काम पुष्कळ सोपे आहे. पक्ष्यांच्या बहुतेक सर्व जातींत नराला बाह्य जननेंद्रिय नसतेच. बदक आणि हंस हे त्यास अपवाद. बदकाच्या एका दिवसाच्या नर पिलातही ते तांदळाच्या कणीएवढ्या फिकट टोकासारखे दिसते. मादीत त्या जागी केवळ गुलाबी घड्या असतात.

पिलू अंड्यातून निघून वाळल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच ही परीक्षा करावी. पुढे तेथील स्नायू घट्ट होत जातो आणि जोर लावावा लागतो. भरपूर उजेडात बसावे, हात धुऊन कोरडे व उबदार करावेत. पिलू डाव्या हातात उताणे, डोके आपल्या मनगटाकडे आणि शेपूट बाहेरच्या बाजूस राहील असे घ्यावे. त्यास प्रथम विष्ठा टाकू द्यावी. मग शेपूट हलकेच पाठीच्या दिशेने वाकवून दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी ह्यांनी गुदद्वाराच्या दोन्ही बाजू किंचित ताणाव्या, म्हणजे आतील अस्तर बाहेरच्या अंगास उलगडते. टोक वर आले तर नर. काही दिसले नाही तर मादी म्हणण्याची घाई करू नये. पुष्कळदा अस्तर पुरते उलगडलेले नसते, आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा नराला मादी ठरविण्याच्याच असतात.

आता इशारा. पहिल्या दिवशी पिलाच्या पोटात अंड्यातील बलकाचा अवशेष असतो. पोटावर दाब पडला तर ती पिशवी फुटून पिलू दगावते. गुदद्वाराचा स्नायू फाटला तर पिलू जगते, पण जन्माचे अधू होते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्याच्याकडे दहा-बाराच पिले आहेत आणि ज्याला शिकविणारा कोणी जवळ नाही, त्याने ही रीत वापरू नये. ज्यांना शिकावयाचीच असेल त्यांनी जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, आधी त्याने पाहिलेली पिले आपण पाहून, मगच हात घालावा. आणि आपला निकाल सहा आठवड्यांनी आवाजाशी ताडून पाहावा. पुस्तक वाचून पोहता येत नाही, तशातलाच हा प्रकार आहे, आणि आमचा हा लेखही त्यास अपवाद नाही.

रंग व चोच ह्यांच्या खुणा आवाजाला दुजोरा देण्यापुरत्या उपयोगी आहेत. रानबदकाच्या रंगाच्या देशी पक्ष्यांत व खाकी कॅम्पबेलात सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून नराच्या चोचीस हिरवट झाक येऊ लागते. मादीची चोच तपकिरी, नारिंगी किंवा काळपट राहते. पुढे नराचे डोके हिरवे किंवा खाकी जातीत तांबूस-काळे चमकदार होते. परंतु पहिला पिसारा नर-मादी दोहोंचाही मादीसारखाच असतो, म्हणून तीन महिन्यांच्या आत पिसांच्या रंगावरून निर्णय करू नये. पांढऱ्या पेकिनमध्ये रंगाचा काहीच उपयोग नाही. तेथे आवाज आणि शेपूट. शेपटीची कुरळी पिसे, दोन ते चार, ही नराची प्रसिद्ध खूण. पण ती येईपर्यंत तीन-चार महिने जातात, हे बाईंना अनुभवाने कळलेच आहे. शिवाय पिसे गळण्याच्या काळात ती गळूनही जातात, आणि एखाद्या चतुर विक्रेत्यास ती उपटणे कठीण नाही. मोठा पक्षी विकत घेताना शेपूट पाहून फसण्यापेक्षा त्यास ओरडावयास लावावे. आवाज कोणाला उपटता येत नाही.

विणीचा हंगाम संपल्यावर नर आपली हिरवी-चमकदार पिसे टाकून काही आठवडे अगदी मादीसारखा तपकिरी दिसतो, हाही एक फसगतीचा प्रसंग आहे. त्या दिवसांत चोचीचा रंग व आवाज मात्र बदलत नाहीत. ह्याच्या उलट कधी कधी म्हातारी मादी नराचा पिसारा धारण करते आणि घरातील माणसे तो अपशकुन मानतात. त्यात दैवी काही नाही. १९१६ मध्ये गुडेल नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत मादी बदकांचे अंडाशय काढून टाकले असता त्यांना नराची पिसे आली. बदकात नराचा भपकेदार पिसारा हीच मूळ अवस्था असून मादीचा साधा रंग तिच्या अंडाशयामुळे असतो. अंडाशय रोगाने किंवा वयाने निकामी झाले की तो आवर सुटतो. असे पक्षी अंडी देत नाहीत एवढेच ध्यानात घ्यावे.

मस्कवी बदकाची गोष्ट सर्वस्वी निराळी. हे दक्षिण अमेरिकेचे, झाडावर बसणारे, तोंडाभोवती लाल मांसल गाठी असलेले. ह्यांत मादीही ठणठणीत ओरडत नाही. ती बारीक कण्हल्यासारखा आवाज काढते आणि नर नुसता फुत्कारतो. शेपटीला कुरळे पिसही येत नाही. येथे आकार पाहावा: आठव्या आठवड्यापासून नर झपाट्याने मोठा होतो, त्याचे पाय जाड असतात, आणि पूर्ण वाढल्यावर तो मादीच्या जवळजवळ दुप्पट भरतो. ह्याची अंडी ३५ दिवसांनी फुटतात, इतर बदकांची २८ दिवसांनी. दोन्ही घराण्यांचा संकर केला तर होणारी संतती वांझ निघते. तिच्या माद्यांवर अंड्यांच्या धंद्याची भिस्त ठेवू नये.

आता आमच्या मंडळातील उत्साही सभासदांसाठी एक सूचना. पहिल्याच दिवशी, पिलाला बोटही न लावता, नुसत्या लवेच्या रंगावरून नर-मादी कळावी अशी एक युक्ती आहे. खाकी कॅम्पबेलचा खाकी रंग हा ज्या बीजतंतूवर असतो तोच लिंग ठरविणारा तंतू होय. मादी पिलास हा तंतू एकच मिळतो आणि तो बापाकडून येतो. नर पिलास दोन मिळतात, एक बापाकडून व एक आईकडून. खाकी रंग गडद रंगापुढे झाकला जातो. म्हणून शुद्ध खाकी कॅम्पबेल नर आणि रानबदकाच्या गडद रंगाच्या देशी माद्या एकत्र ठेवल्या, तर निघणाऱ्या पिलांपैकी लेकी बापावर, म्हणजे फिक्या खाकी लवेच्या, आणि लेक आईवर, म्हणजे काळपट लवेचे निघतात. लेक मोठे झाल्यावर कोणी पाटी भरून विकावयास आणली तरी फसवणुकीस जागा नाही.

अटी मात्र तीन आहेत, आणि त्या मोडल्या तर सर्व फुकट. नर शुद्ध खाकीच हवा. माद्या गडद हव्या, पांढऱ्या चालणार नाहीत, कारण पांढरा रंग बाकी सर्व रंग झाकतो. आणि जोडी उलटी करू नये. गडद नर व खाकी माद्या ठेवल्या तर सर्व पिले सारखीच गडद निघतील. ही खूण पहिल्या पिढीपुरतीच आहे. त्या पिलांची आपापसांत वीण केल्यास पुढे ती विस्कटते. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातील उली गावी श्रीमती कॅम्पबेल ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरच्या परसातच तयार केली; बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेने ती आपल्या देशात पसरविण्याचे काम केले आहे. चार-पाच सभासदांनी मिळून एक शुद्ध नर आणला व तो एका घरी सहा देशी माद्यांत ठेवला, तर सर्वांची सोय होईल. खाकी माद्या सहसा खुडूक होत नाहीत आणि देशीचाही भरवसा नाही. तेव्हा अंडी आपल्या नेहमीच्या खुडूक कोंबडीखालीच ठेवावी. कोंबडीखाली निघालेल्या पिलांना मात्र पहिले काही आठवडे खोल पाण्यात सोडू नये. आई बदकाच्या अंगचे तेल त्यांच्या लवेस लागलेले नसते, ती भिजून गारठतात.

राहता राहिला नऊ नरांचा प्रश्न. बाईंच्या तीन माद्यांना एक नर पुरून उरतो. हलक्या जातीत सहा-सात माद्यांमागे एक नर हे प्रमाण योग्य. खावयाच्या अंड्यांसाठी तर नराची मुळीच गरज नाही, कारण मादी नराशिवायही अंडी देते. तसली अंडी उबत नाहीत, पण आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात ती अधिक टिकतात, कारण त्यांत जीव वाढून नासण्याचा संभव नसतो. एकाहून अधिक नर थोड्या माद्यांत ठेवणे ही तर क्रूरताच होय. ते माद्यांच्या मानेची व पाठीची पिसे उपटून काढतात, पाण्यात त्यांना बुडवितात. आणि माद्या पुरेशा नसल्या की कोंबड्यांच्या मागे लागतात, त्यात कोंबडी जखमी होऊन मरते. म्हणून एक चांगला नर ठेवून बाकीचे आठ लवकरात लवकर विकून टाकावे असे आम्ही बाईंना कळविले आहे. विकेपर्यंत त्यांना वेगळे ठेवून धान निघालेल्या बांध्यांत चारावे; सांडलेले दाणे व गोगलगाई ह्यांवर त्यांचे बरेचसे पोट भरेल. कोंढा द्यावयाचा तर ताजा द्यावा. बुरसलेला कोंढा किंवा बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड बदकाइतकी दुसऱ्या कोणत्याही पाळीव पक्ष्यास बाधत नाही. १९६० मध्ये इंग्लंडात अशाच पेंडीने टर्की पक्षी व बदकांची पिले फार मोठ्या संख्येने मेली, आणि त्यातूनच त्या बुरशीच्या विषाचा शोध लागला.

शेवटी खूण कशी करावी ते सांगतो, कारण सहाव्या आठवड्यात ओळखलेली मादी सातव्या आठवड्यात पुन्हा कळपात हरवते. पुष्कळ लोक पायास दोरा बांधतात. पिलाचा पाय आठवड्या-आठवड्याने जाड होतो, दोरा मांसात रुततो आणि पक्षी लंगडा होतो; हे आम्ही आमच्याच घरी एकदा पाहिले आहे. बाजारात मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची उघडमीट कडी घ्यावी, ती करंगळी आत जाईल इतकी सैल बसवावी, आणि दर पंधरवड्यास पाहून मोठी करावी. कडी माद्यांनाच घालावी, म्हणजे पुन्हा ऐकून पाहावयाचे ते बिनकड्यांचेच उरतात.